माझ्या सहीनं गेलेली कोयनेलची बाटली

आधीच सांगून टाकते. भूत, भानामती, करणी, अंगात येणं, यातल्या एकाही गोष्टीवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझे वडील मानोऱ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. गावात कुणाच्या अंगात आलं की ते मला मुद्दाम बघायला न्यायचे, आणि परत येताना विचारायचे, "काय पाहिलं ते सांग. लोक काय म्हणाले ते नको." अशा घरात वाढलेल्या बाईने तुमच्या या सदरात लिहावं, हे माझं मलाच पटत नाही. पण नात दर महिन्याला तुमचे अनुभव वाचून दाखवते, आणि गेल्या वेळी म्हणाली, "आजी, तुझं ते कोयनेलचं लिही ना…" तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी तरी नाही.

तर गाव कारंजा. आता वाशिम जिल्ह्यात आहे, तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. लढाईची वर्षं. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला चार वर्षं झालेली. मंगरूळ वेशीच्या बाहेर, गावापासून पाऊण कोसावर आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि मळ्यातच घर. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर… रोज पहाटे तोडायचं आणि बाजारात न्यायचं. घरात तिघंच — मी, हे, आणि सासूबाई. सासूला आम्ही मामी म्हणायचो. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते.

पावसाळा संपता संपता दरवर्षी थंडीतापाची साथ यायची. त्या वर्षी तर एक घर सुटलं नव्हतं. आणि नेमकं त्याच वर्षी कोयनेल मिळेना. तरुण वाचकांना सांगायला हवं — कोयनेल म्हणजे क्विनाईन, हिवतापावरचं तेव्हाचं एकच औषध. पूर्वी पोस्टातसुद्धा पुडी मिळायची. मग जपानने ती जावा बेटं घेतली आणि कोयनेल यायचंच बंद झालं, असं वडिलांनी पत्रात लिहिलं होतं. लढाई कुठे, आमचा मळा कुठे… पण ताप आमच्या घरात आणि औषध तिकडे समुद्रापार, अशी गत.

ह्यांना चार दिवस ताप येत होता. दुपारी थंडी भरायची, दोन गोधड्यांखाली दात वाजायचे, मग घाम येऊन उतरायचा. पाचव्या दिवशी चढला तो उतरेचना. तिन्हीसांजेला डोळे फिरवायला लागले. बरळायला लागले. मी तोंडाजवळ कान नेला तर कुणाशी तरी मोटेच्या बैलांबद्दल भांडत होते. मामींनी हाका मारल्या, मी पायाचे तळवे काशाच्या वाटीने घासले. काही नाही. आम्हाला ओळखतही नव्हते.

शेजारच्या मळ्यातली भागाबाई मदतीला आली होती. तिचा नवरा आणि दोन्ही पोरं तापात, तरी आली बिचारी. मी ह्यांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते तेव्हा स्टेशनाकडून संध्याकाळच्या छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली. भागाबाई म्हणाली, "गाडी आली बापा. आता दवाखाना कायचा उघडा राह्यते!"

हे वाक्य आणि ही शिट्टी ध्यानात ठेवा. शिट्टी झाली तेव्हा मी घरात होते, माझ्या हातात ओली पट्टी होती, आणि भागाबाई समोर बसलेली होती.

ती तिच्या घरी गेली, मग मामी म्हणाल्या, "सुभद्रे, तूच जाय व माय. दुसरं कोन आहे? मी ह्याच्याजवळ बसतो."

दवाखान्यात बाटली आपली आपण न्यावी लागायची. घरात एकच होती, चपटी, पांढऱ्या काचेची. ती धुऊन घेतली. कंदिलात तेल बोटभर. घासलेटही रेशनवर. मी निघाले.

मळ्यापासून वेशीपर्यंत एकच गाडीवाट होती. दोन्हीकडे काटेरी कुंपण, मध्ये चाकोऱ्या. समोरून कुणी आलं तर अंग चोरून उभं राहावं लागायचं. मी जवळजवळ पळतच गेले. त्या वाटेवर मला एक माणूस, एक जनावर भेटलं नाही. हेही ध्यानात ठेवा.

सरकारी दवाखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दाराला हे एवढं कुलूप. डॉक्टर तीन दिवसांसाठी अकोल्याला गेलेले. मागे कंपाउंडरची खोली होती, त्यांना सगळे बाबू म्हणत. मी दार वाजवलं. आतून खाकरणं, मग कडी.

"बाबू, कोयनेल पाह्यजे होतं. घरचा माणूस लय बिमार आहे."

त्यांनी दिवा वर करून माझं तोंड पाहिलं आणि एकदम चिडले. "बाई, मले येडं समजता काय? आत्ता त देल्लं!"

"कोनाले?"

"कोनाले काय? तुमाले! अर्धा घंटा नाही झाला."

मला वाटलं, अर्धवट झोपेत आहेत. "बाबू, मी आत्ता येऊन राह्यली. दुसरी कोनी असंन."

"नाव काय तुमचं?"

"सुभद्रा."

"मळा मंगरूळ वेशीबाहेर. नवऱ्याले पाच दिवसाचा ताप, आता बरळते. हो का नाही?"

"हो."

"मंग?"

या 'मंग'ला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, कुणीतरी माझं नाव सांगून नेलं असेल. सगळ्यांच्याच घरी ताप, कुणाला कसली लाज राहिली आहे आता! तर ते आत गेले, वही घेऊन आले आणि दिव्यापुढे धरली. कोयनेलसाठी वेगळी वही होती, नेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचे.

"बायांचे आंगठेच घेत आलो मी आजवर. सही करनारी बाई एकच आली. म्हणून त ध्यानात राह्यली."

पानावर वरून खाली सगळे अंगठे. शेवटी सही. सुभद्रा.

ती माझी सही होती. 'माझ्यासारखी' म्हणत नाही मी. 'सु'चा उकार मी खाली लांब ओढते आणि त्याचं टोक पुन्हा वर वळवते. त्या वळणासाठी वडिलांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत, तरी ते गेलं नाही. तेच वळण तिथे होतं. पाटीवर नाही, पोथीवर नाही, सरकारी वहीवर… जिला मी जन्मात कधी हात लावला नव्हता.

आता खरं तर इथे माझी बोबडी वळायला हवी होती. पण तसं काही झालं नाही. मला संताप आला. माझा माणूस तिकडे डोळे फिरवतोय, आणि हा मनुष्य मला वह्या दाखवतोय!

"ते असू द्या बाबू. मले औषध द्या. दुसरी सही करतो."

"एका नावावर एक बाटली. साहेब आले का वही तपासतात. माह्यी नौकरी घालवता काय?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "अवो, देऊन टाका न गरिबाले."

"कुठून देऊ? उरलं त पाह्यजे! ह्या बाईलेच शेवटची देल्ली!" ते आतल्या बाजूला ओरडले. मग मला म्हणाले, "जा बाई. घरी जा. सांडली असंन त सांडली म्हणा, पन मी आलीच नाही असं कायले म्हणता?"

आणि दार लावलं. मी आणखी दोन थापा मारल्या. आतून दिवा विझला.

बाजारात औषधांचं एक दुकान होतं, मालक शेठजी वरच राहायचे. आठ वाजता फळ्या लागल्या की मग कुणी मरो की जगो, अशी त्यांची ख्याती. मी खालून हाका मारल्या. दोन कुत्री अंगावर आली, त्यांना कंदील दाखवला. शेवटी वरची खिडकी उघडली.

"अरे बाई, अभी तो बोला तुमको! कोयनेल नाही आहे. तीन महिन्यापासून नाही."

"शेठजी, कवा बोलले?"

"अरे, गाडी के टाइम पे! फळी लावून राह्यलो होतो तेव्हा. तुमीच तर होती!"

"मी नव्हती."

"तो क्या तुम्हारी बहन थी?"

"मले बहीण नाही," मी म्हटलं.

आज आठवलं की हसू येतं. काय उत्तर दिलं मी! पण तेव्हा तेच तोंडातून निघालं. शेठजींनी वरून काहीतरी पुटपुटत खिडकी ओढून घेतली. मी खाली रस्त्यात उभी राहून ओरडले, "मी नव्हती! मी आत्ता आली!" आसपासच्या दोन-तीन घरांतून माणसं डोकावली. बाई माणूस, रात्रीची, एकटी, हातात रिकामी बाटली आणि ओरडतेय… त्यांना काय वाटलं असेल ते मला कळत होतं. एकही जण खाली उतरून विचारायला आला नाही, की बाई काय झालं.

एक मार्ग उरला होता. जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे डॉक्टर राहायचे. नोकरीतून मोकळे झालेले, अधूनमधून रोगी बघायचे. बोलणं पुण्याकडचं. दार त्यांनी स्वतःच उघडलं. धोतर, गळ्यात मफलर. मला बघून कपाळाला आठी घातली, आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "आता काय? नाही दिलं का त्याने?"

मी पायरीवर बसलेच.

"डॉक्टरसाहेब… मी तुमच्याकडे आली होती?"

"ही काय भाषा? मी पानावर बसत होतो. गाडीची शिट्टी झाली, थोड्या वेळाने तुम्ही आलात. शेठकडे नाही, दवाखाना बंद, रडत होतात. माझा घास राहिला पानात. तुम्हाला चिठ्ठी लिहून दिली कंपाउंडरच्या नावाने, की माझ्या जबाबदारीवर दे. मिळाली ना बाटली?"

"ते म्हणतात, देल्ली."

"ते म्हणतात म्हणजे?"

"माझ्याजवळ नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बाई, हल्ली कोयनेल काळ्या बाजारात जातं, मला ठाऊक आहे. नवरा अंथरुणावर असताना तुम्ही असं केलं असेल असं मला वाटत नाही. पण एक बाटली गेली आणि दुसरी भरायला तुम्ही आलात, असं कुणी म्हटलं तर काय सांगाल?"

मी त्या क्षणी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. मोठ्या माणसाशी मी तसं पुन्हा कधी बोलले नाही. रडलेही असेन. पण त्यातून एवढं सांगितलं की शिट्टी झाली तेव्हा मी घरी होते, भागाबाई साक्षीला होती, आणि आज मी त्यांच्या दारात पहिल्यांदाच आले आहे.

त्यांनी माझा हात धरून नाडी पाहिली, कपाळाला हात लावला, दिव्याजवळ नेऊन डोळे पाहिले.

"तुम्हाला ताप नाही," ते म्हणाले. जरा निराश होऊनच म्हणाले. मला ताप असता तर त्यांचा प्रश्न सुटला असता.

"तुमी चला ना साहेब घरी."

"येऊन काय करू? माझ्याकडे सुई आहे, सुईत भरायला काही नाही. एक डोस पोटात गेला असेल तर रात्र निघेल. गेला नसेल तर…" वाक्य तिथेच सोडलं त्यांनी. "घरी जा. वेळ घालवू नका."

वेळ! वेळ घालवायला मी गावभर फिरत होते, जणू हौसच होती मला.

वेशीत एक चौकीदार असायचा, शेकोटी करून बसलेला. आत येताना मी घाईत त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. आता बाहेर पडताना त्यानेच हटकलं. "काय व बाई, किती चकरा मारता? पयले बाटली घेऊन बाहेर गेल्या, मंग लगेच पुन्हा आत आल्या."

मी थांबले. "पयले बाहेर गेली? आत यायच्या आधी?"

"हो. पदराखाली बाटली धरून, पयत पयत. माही बिडी संपाच्या आत वापस आल्या. मले वाटलं काही राह्यलं असंन."

"वापस आली थे मी. बाहेर कोन गेलं?"

तो हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

कंदील मळ्याच्या अर्ध्या वाटेत विझला. उरलेली वाट अंधारात, कुंपणाला हात लावत काढली. तळव्यात काटे गेले ते दुसऱ्या दिवशी कळलं. मनात भीती अशी नव्हतीच. एकच चाललं होतं… रिकाम्या हाताने चाललेय. मामींना काय सांगू? सगळे म्हणतात औषध दिलं, आणि माझ्याकडे औषध नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?

दारात पोचले तर मामी अंगावरच आल्या.

"कुठं गेल्ती व? औषध देल्लं अन् कोनाले न सांगता पुन्हा बाहेर निंगाली! म्या मागून किती हाका मारल्या. वयूनही नाही पाह्यलं!"

मी आत पाहिलं. ह्यांच्या अंगावरची गोधडी बाजूला सारलेली. अंग घामाने थबथबलेलं. श्वास संथ. उशाशी फळीवर एक बाटली. हिरव्या काचेची, गोल, गळ्याशी टवका उडालेली. दवाखान्यात चिकटवतात तशी कागदाची पट्टी, डोस मोजायला खाचा कापलेली. एका खाचेइतकं औषध कमी.

"मामी, हे कोनी आन्लं?"

"कोनी म्हणजे? तूच आन्लं! तुले जाऊन घंटाही नोता झाला, म्या म्हटलं बाई उडून आली का काय. बसली त्याच्या उशाशी, मान उचलून औषध पाजलं, काही बोलली त्याच्याशी, अन् उठून निंगून गेली."

"काय बोलली?"

"नवरा-बायकोचं मी कायले आयकू! चुलीत लाकूड सारत होती मी." मग माझं तोंड बघून त्यांचा आवाज बदलला. माझ्या कपाळाला हात लावला. "सुभद्रे, तुले त नाही चढला ताप?"

त्या रात्रीत माझं कपाळ हे दुसऱ्यांदा तपासलं गेलं. ताप नव्हता. मामींच्या डोळ्यांत दोष म्हणाल तर तोही नाही, दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायच्या त्या. चार वर्षं रात्रंदिवस माझ्यासोबत राहिलेली बाई, तीन हातांवरून मला पाहून चुकेल?

आता खरी पंचाईत पुढेच होती. चार तासांनी दुसरा डोस द्यायचा. आणि ती बाटली मी आणलेली नव्हती. त्यात काय आहे, कुणी दिलं, मला ठाऊक नाही. मामी म्हणाल्या, "दे न, वेळ झाली." मी बाटली घेऊन चुलीपाशी बसले. वास घेतला. एक घोट स्वतः घेतला. कडू जहर. कोयनेलसारखंच कडू. तरी मी बसून राहिले. मला काही होतंय का, बघत राहिले. ह्यांचं अंग पुन्हा गरम व्हायला लागलं होतं. मामी मला बोलत होत्या, शिव्याही दिल्या त्यांनी, 'कायची वाट पाहून राह्यली व' म्हणाल्या. मी कशाची वाट पाहत होते ते मलाही सांगता आलं नसतं.

शेवटी पाजलं. माझ्या हाताने पाजलं. तेवढा एक डोस तरी मी दिला, हे मी आजही मनाशी म्हणते.

हे वाचले. आठ दिवसांनी मोट हाकायला उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी मी ती हिरवी बाटली घेऊन बाबूंकडे गेले होते. त्यांच्या बायकोने लगेच ओळखली. "ही त आमच्याच घरची. तुमी बिनाबाटलीच्या आलत्या, म्हणून मीच धुऊन देल्ली न!" तिला मी नीट आठवत होते. एवढंच काय, मी तिच्या लहान मुलीच्या गालाला हात लावला होता, हेही तिने सांगितलं. म्हाताऱ्या डॉक्टरांनीही चिठ्ठी लिहिल्याचं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, काळजीने मनाचा गोंधळ होतो, माणूस करून विसरतो. बरं, मी विसरले. मग भागाबाईही विसरली? आणि त्या एका गाडीवाटेने ती दुसरी बाई बाटली घेऊन मळ्याकडे येत होती तेव्हा मी त्याच वाटेने वेशीकडे जात होते, तर आम्ही एकमेकींना आडव्या कशा गेलो नाही? यावर ते म्हणाले, "माणूस वाचला ना? मग सोडा."

सगळे हेच म्हणाले. सोडा. मामी तर मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगायच्या, माही सून कशी घंट्याच्या आत कोयनेल घेऊन आली. मी प्रत्येक वेळी सांगायचे, मामी, ती मी नव्हती. त्यांना तो माझा भिडस्तपणा वाटायचा. बाया माझं कौतुक करायच्या आणि मी आतून जळायचे. खरंखुरं जे मी केलं, गावभर वणवण, अपमान, काट्यांनी भरलेला हात, ते कुणी धरतच नव्हतं. आणि जे मी केलं नाही त्याचं नाव व्हायचं.

हे मात्र त्या विषयावर कधी बोलले नाहीत. हो नाही, नाही नाही. मामी गेल्या, पोरं मोठी झाली. एका दुपारी आम्ही दोघं मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो, तर मध्येच म्हणाले, "त्या रातची एक गोठ तुले कधी सांगितली नाही."

मी हातातली जुडी खाली ठेवली.

"मी लय खोल गेलतो. विहिरीत उतरल्यावानी. आई हाका मारे, पन आवाज पोचत नोता. मंग मले कोनीतरी नावानं हाक मारली. तुह्या आवाजात."

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, हे आजच्या मुलींना सांगावं लागेल. लग्नातल्या उखाण्याशिवाय मी ह्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. हाक मारायची तर 'अवो'. घराला आग लागली असती तरी 'अवो'च.

"कशी मारली हाक?" मी विचारलं.

"लाजत लाजत."

"थे मी नव्हती," मी म्हटलं. किती वर्षांनी म्हटलं, आणि किती जणांना म्हणून झालं होतं!

"मले मालूम आहे," हे म्हणाले. "मले तवाच समजलं होतं. तू काही नाव घेतलं नसतं."

"मंग तुमी ओ काहून देल्ली?"

ते थोडा वेळ मेथीच्या काड्या नीट करत राहिले. "आवाज तुहाच होता न," म्हणाले.

हे जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. ती कोण होती, माझी सही तिला कशी आली, मी घरातून निघायच्या आधीच ती गावात कशी पोचली होती, यातल्या कशाचंही उत्तर मला मिळालेलं नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा. बाटली पुढे एरंडेलासाठी वापरली आणि पोरांनी फोडली.

तिचे उपकार मानायला हवेत, एवढं मला कळतं. तिच्यामुळे माझा संसार झाला. पण खरं सांगायचं तर मला तिचा राग येतो. तिने माझ्या माणसाला नावानं हाक मारली, आणि त्यांनी ओ दिली.